दहा केल्विनवरचा बर्फ : आंतरतारकीय बर्फाचा पहिला प्रयोग करणाऱ्यांसाठी

प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलामुलींना मी पहिल्याच दिवशी एक डाग दाखवतो. रुपयाच्या नाण्याएवढ्या खिडकीवरचा, पातळ काकवी सांडून कुणीतरी घाईत पुसावी तसा, पिवळसर तपकिरी. पाण्याची वाफ, तीन-चार वायू, अतिनील प्रकाश आणि दोन-तीन दिवसांचा वेळ, एवढ्यातून तो तयार झालाय. बघितल्या बघितल्या प्रश्न येतो, "सर, यात अमिनो आम्लं आहेत?" मी म्हणतो, "असतील. पण ती कुणाची?"

पुढचं सगळं या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. तुम्ही भौतिकशास्त्रात किंवा रसायनशास्त्रात एमएस्सी करून अशा प्रयोगशाळेत पाऊल टाकत असाल, तर यंत्रांची मॅन्युअल्स तिथे मिळतीलच. मॅन्युअलमध्ये जे नसतं ते इथे लिहितोय.

आपण नक्कल कशाची करतोय?

ताऱ्यांच्या मधे जे दाट, काळोखे मेघ असतात तिथे तापमान १० केल्विनच्या आसपास असतं, म्हणजे उणे २६३ अंश सेल्सिअस. त्यात धुळीचे कण तरंगतात, साधारण ०.१ मायक्रॉन त्रिज्येचे. एवढ्या थंडीत कणाला जो रेणू धडकेल तो बहुधा तिथेच चिकटतो, आणि कणावर हळूहळू बर्फाचं कवच चढतं. बर्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाणी येतं, पण हा बर्फ मिसळीचा असतो. पाण्याचे १०० रेणू धरले तर कार्बन डायऑक्साइडचे २०-३०, कार्बन मोनॉक्साइडचे कमी-जास्त तेवढेच, आणि मिथेनॉल, अमोनिया, मिथेन यांचे प्रत्येकी थोडेथोडके. हाच माल पुढे तारा जन्मताना त्याच्याभोवतीच्या चकतीत जातो आणि त्यातला काही धूमकेतूंत उरतो. रोझेटा यानाला ६७पी या धूमकेतूच्या भोवतालच्या वायूत ग्लायसिन, म्हणजे सगळ्यात साधं अमिनो आम्ल, सापडल्याचं २०१६ मध्ये जाहीर झालं, ते याच साखळीतलं.

मेघाच्या पोटात बाहेरच्या ताऱ्यांचा अतिनील प्रकाश पोचत नाही. तरी पूर्ण अंधार नसतो. विश्वकिरण हायड्रोजनला धडकतात, त्याचे रेणू उत्तेजित होतात आणि मंद अतिनील प्रकाश सोडतात : दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला ढोबळमानाने १०,००० फोटॉन. या प्रकाशाने बर्फातले रेणू तुटतात, त्यांचे तुकडे जागच्या जागी अडकून राहतात, आणि थोडी ऊब मिळाली की एकमेकांशी जुळतात. आपण प्रयोगशाळेत हेच घडवून बघतो.

मेयो ग्रीनबर्ग यांनी १९७५ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला या कामासाठी प्रयोगशाळा उभी केली. तिथेच काम केलेले लुई अलामंडोला पुढे अमेरिकेत नासाच्या एम्स केंद्रात गेले आणि तिथेही हे काम रुजलं. मार्च २००२ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन स्वतंत्र गटांचे निबंध आले. दोघांनीही असा बर्फ अतिनील प्रकाशात ठेवून त्यातून अमिनो आम्लं मिळवली होती. एका गटाला तीन मिळाली, दुसऱ्याला सोळा. तेव्हापासून या विषयात येणारा प्रत्येक जण मनात अमिनो आम्लं घेऊनच येतो.

अतिनील दिवा हा एकच रस्ता आहे असं मात्र नाही. जपानमध्ये सप्पोरोच्या होक्काइदो विद्यापीठात वातानाबे आणि कोची यांनी १० केल्विनवरच्या कार्बन मोनॉक्साइडवर नुसते हायड्रोजनचे अणू सोडले आणि मिथेनॉल बनवून दाखवलं, प्रकाशाविना. इटलीत कातानियाला आयनांचा मारा करतात, हवाई विद्यापीठात इलेक्ट्रॉनांचा. भारतात अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत असा बर्फ बनवून अभ्यासला जातो, आणि आयआयटी मद्रासमध्ये अतिउच्च पोकळीत, ३० केल्विनवर मिथेनचं क्लॅथ्रेट, म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात अडकलेला मिथेन, तयार झाल्याचं २०१९ मध्ये दाखवलं गेलं. इथे मी दिव्याचा रस्ता धरतो, कारण माझा हात त्यावर बसलाय.

पायरी १ : प्रश्न लहान करा

पहिल्याच दिवशी पाच घटकांचा बर्फ करू नका. नुसत्या कार्बन डायऑक्साइडने सुरुवात करा. त्याचा मुख्य पट्टा इन्फ्रारेड वर्णपटात २३४३ प्रति सेंटिमीटरला येतो. प्रकाश दिल्यावर २१४० च्या आसपास कार्बन मोनॉक्साइड उगवतो, २०४४ ला कार्बन ट्रायऑक्साइड, १०४० च्या जवळ ओझोन. या तिन्ही रेषा अनेकांनी बघितलेल्या आहेत. तुम्हाला त्या दिसल्या तर यंत्र ठीक चाललंय. आणखी एक फुकटची परीक्षा : २२८३ ला एक बारीक पट्टा दिसेल. तो कार्बन-१३ असलेल्या कार्बन डायऑक्साइडचा. निसर्गातल्या कार्बनमध्ये कार्बन-१३ साधारण १.१ टक्के असतो, म्हणून या पट्ट्याचं क्षेत्रफळ मुख्य पट्ट्याच्या नव्वदाव्या हिश्शाच्या आसपास यायला हवं. फार जास्त आलं तर तुमचा मुख्य पट्टा संपृक्त झालाय, म्हणजे बर्फ जाड झालाय.

पायरी २ : पोकळी

इथे एक हिशेब पाठ करून ठेवा. १०⁻⁶ टॉर दाबाला पृष्ठभागावर एका सेकंदात रेणूंचा एक थर बसतो (जो आदळेल तो चिकटतो असं धरून, १० केल्विनला ते जवळजवळ खरंच आहे). टॉर आणि मिलिबार इथे एकच समजा. म्हणजे १०⁻⁸ ला शंभर सेकंदांत एक थर. दहा तासांच्या प्रयोगात ३६० थर! आणि तुम्ही मुद्दाम साचवलेला बर्फ असतो शंभर-दोनशे थरांचा. कक्षात उरलेली पाण्याची वाफ तुमच्या प्रयोगावर अशी स्वार होते. १०⁻¹⁰ ला तोच हिशेब साडेतीन थरांवर येतो. म्हणून पातळ बर्फाचं काम अतिउच्च पोकळीतच करायचं. जाड अवशेष, म्हणजे सुरुवातीच्या डागासारखा शेवटी उरणारा पदार्थ, गोळा करायचा असेल तर १०⁻⁸ चालून जातं, पण त्या पाण्याची नोंद ठेवून.

पोकळी सुधारण्याचा उपाय जुनाच आहे : कक्षाला गरम पट्ट्या गुंडाळून, वर ॲल्युमिनियमची फॉइल लपेटून १२० अंश सेल्सिअसच्या आसपास एक-दोन दिवस भाजायचं, म्हणजे भिंतींना धरून बसलेलं पाणी निघून जातं. आधी क्रायोस्टॅटच्या, म्हणजे थंड करणाऱ्या यंत्राच्या, शीतशीर्षाची (थंड टोकाची) कमाल मर्यादा बघून घ्या. ती कक्षाच्या मर्यादेपेक्षा बरीच कमी असते, आणि तिथली इंडियमची सील १५७ अंशांना वितळतात. भाजताना कंटाळा येतो. येऊ द्या.

गळती शोधायला वस्तुमान वर्णपटमापी लावा, ४ वस्तुमानावर ठेवा आणि बाहेरून प्रत्येक जोडावर हेलियमचा बारीक झोत सोडत फिरा. वरून खाली या, कारण हेलियम वर चढतो. खालून सुरुवात केली तर वरची गळती खालच्या जोडाच्या नावावर जमा होते.

पायरी ३ : थंडी

बंद चक्रातला हेलियम क्रायोस्टॅट दोन-तीन तासांत १० केल्विनच्या आसपास पोचतो. त्याच्या टोकाला धारक, धारकात खिडकी : पोटॅशियम ब्रोमाइड, सिझियम आयोडाइड, मॅग्नेशियम फ्लोराइड किंवा झिंक सेलेनाइडची. भोवती तांब्याचं उष्णता-कवच. धातू आणि खिडकी यांच्यात इंडियमची पातळ पट्टी दाबून बसवायची. ती विसरलात तर आकडा १२ दाखवेल आणि खिडकी २५ ला बसलेली असेल.

नवखे हमखास फसतात ते इथेच. सेन्सर बहुधा शीतशीर्षावर असतो, बर्फावर नाही. तपासायची सोपी युक्ती अशी की शुद्ध कार्बन मोनॉक्साइड साचवा आणि मिनिटाला एक केल्विन या गतीने तापवा. तो साधारण २८-३० केल्विनला उडून जायला हवा. आकडा १८ दाखवत असताना तो उडाला, तर तुमचा थर्मामीटर दहा-बारा केल्विनने खोटं बोलतोय.

आणि खिडकी थंड असताना कक्ष उघडू नका. पोटॅशियम ब्रोमाइड पाणी शोषतं. खोलीतली दमट हवा आत शिरली की खिडकी दह्यासारखी पांढरी होते. पावसाळ्यात तर तिला कक्षाबाहेर डेसिकेटरमध्येच (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवायचं.

पायरी ४ : वायूंचं मिश्रण

काचेच्या फुग्यात एकेक वायू सोडून आंशिक दाबावरून प्रमाण ठरवतात. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. तीन गोष्टी सांगतो.

पाण्याचा बाष्पदाब २५ अंशांना ३२ मिलिबारच्या आत असतो. फुग्यात पाण्याचा वाटा २० मिलिबारपेक्षा वर नेऊ नका, नाहीतर ते भिंतीवर थेंब धरतं आणि प्रमाण बिघडतं. बाकीच्यांचं प्रमाण या वीसवरून मोजा.

पाणी आणि मिथेनॉल यांत हवा विरघळलेली असते. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा, वरची हवा पंपाने काढा, वितळू द्या, बुडबुडे येतील. असं निदान तीनदा. चौथ्या वेळी बुडबुडे आले नाहीत की थांबा.

तिसरी चूक मी स्वतः केलीय. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड एकाच फुग्यात भरू नका. सामान्य तापमानालाच ते एकमेकांशी जुळतात आणि अमोनियम कार्बामेट या पांढऱ्या घनाचा थर नळीत बसतो. सुईझडप (नीडल व्हॉल्व्ह) चोंदली म्हणून मी ती दोनदा बदलली. नंतर नळी आडवी कापून बघितली तर आत पिठीसाखर पसरल्यासारखं दिसत होतं. हे दोन वायू वेगळ्या नळ्यांनी, थेट थंड पृष्ठभागापर्यंत आणा. अमोनिया तांबं-पितळही खातो, म्हणून त्या नळीचे जोड स्टेनलेस स्टीलचे.

सुरक्षेचं थोडक्यात : कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तेव्हा त्याचा गजर लावलेला असल्याशिवाय सिलिंडर उघडायचा नाही. पंपाचा उत्सर्ग खोलीत नाही, धुराड्यात. आणि हायड्रोजन सायनाइडचे प्रयोग निबंधांत वाचायला बरे. पहिली काही वर्षं तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

पायरी ५ : बर्फ साचवणं आणि मोजणं

खिडकी १० केल्विनला स्थिर झाली की आधी कोऱ्या खिडकीचा वर्णपट घ्या. मग सुईझडप हळूच उघडा आणि दाब ठरलेल्या आकड्यावर धरा. साचताना लेझर लावता येत असेल तर बघत राहा, जीव रमतो. परावर्तित प्रकाश उजळतो, मंदावतो, पुन्हा उजळतो. ६३२.८ नॅनोमीटरचा लाल हेलियम-निऑन लेझर, बर्फाचा अपवर्तनांक १.३ आणि किरण सरळ पडत असेल, तर अशा एका फेऱ्याला सुमारे २४३ नॅनोमीटर जाडी वाढते.

रेणू मोजायचे ते इन्फ्रारेडने. पट्ट्याखालचं क्षेत्रफळ घ्या, २.३०३ ने गुणा (यंत्र दहाच्या पायावरचा लॉगरिदम देतं, आपल्याला नैसर्गिक हवा असतो), आणि पट्ट्याच्या शक्तीने, म्हणजे एक रेणू त्या पट्ट्यात किती शोषतो त्याच्या मापाने, भागा. कार्बन मोनॉक्साइडच्या २१३९ च्या पट्ट्याची शक्ती १.१ × १०⁻¹⁷ सेंटिमीटर प्रतिरेणू धरतात. समजा क्षेत्रफळ आलं ०.५. त्याला २.३०३ ने गुणलं की १.१५. भागल्यावर दर चौरस सेंटिमीटरला साधारण १०¹⁷ रेणू. एक थर म्हणजे १०¹⁵ रेणू, म्हणजे तुमच्याकडे शंभर थर आहेत. हा हिशेब कागदावर दोन-तीनदा हाताने करा, लगेच सॉफ्टवेअरकडे धावू नका. पाण्याच्या ३२८० च्या पट्ट्याची शक्ती याच्या जवळजवळ अठरापट आहे, म्हणून वर्णपटात पाणी नेहमी आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. डोळ्यांनी बघून प्रमाण सांगणारे इथेच आपटतात. किरण खिडकीतून तिरपा जात असेल तर कोसाइन घालायला विसरू नका. आणि सोन्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित वर्णपट घेत असाल तर हे आकडे जसेच्या तसे वापरूच नका.

ज्यांच्याकडे अजून यंत्र नाही त्यांनी लायडनचा बर्फ-वर्णपटांचा खुला साठा, 'लिडा', उघडावा. एकेका मिश्रणाचे, वेगवेगळ्या तापमानांचे वर्णपट तिथे आहेत. जेम्स वेब दुर्बिणीने घेतलेले वर्णपट अशाच प्रयोगशाळेतल्या पट्ट्यांशी ताडून बघितले जातात. संगणकावर दोन महिने हे काम केलं तरी हात बराच तयार होतो.

पायरी ६ : दिवा

क्वार्ट्झच्या नळीतून कमी दाबाचा हायड्रोजन वाहतो, त्यावर २.४५ गिगाहर्ट्‌झची सूक्ष्मलहर सोडतात आणि नळी गुलाबी पेटते. तो गुलाबी रंग आपल्या कामाचा नाही. कामाचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही : १२१.६ नॅनोमीटरची लायमन-अल्फा रेषा आणि १६० नॅनोमीटरच्या आसपासचे हायड्रोजन रेणूचे पट्टे. हा प्रकाश हवेतून जात नाही, साध्या काचेतूनही नाही, म्हणून दिवा मॅग्नेशियम फ्लोराइडच्या खिडकीने थेट कक्षाला जोडलेला असतो. दिसणारा प्रकाश निरुपद्रवी वाटला तरी चष्म्याशिवाय जवळ जायचं नाही.

लायमन-अल्फाच्या फोटॉनमध्ये १०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असते. कार्बन मोनॉक्साइड तोडायला ११.१ लागते. म्हणजे तुमच्या दिव्याने तो रेणू थेट तुटत नाही. पाणी, मिथेनॉल, अमोनिया तुटतात. उत्पादनांची यादी वाचताना हे डोक्यात ठेवा, बरीच कोडी आपोआप सुटतात. दिव्याचं तेज मात्र दर महिन्याला मोजा. खिडकी हळूहळू काळवंडते, आणि मार्चमधली मात्रा व जूनमधली मात्रा एकच समजून काढलेले आलेख मी पाहिले आहेत.

आता हिशेबाची गंमत बघा. दिवा सेकंदाला दर चौरस सेंटिमीटरवर १०¹⁴ फोटॉन देतो असं धरू. मेघात १०⁴ मिळतात. म्हणजे आपला एक तास म्हणजे तिथली सुमारे अकरा लाख वर्षं. निबंधांत हे वाक्य मोठ्या दिमाखात येतं. मला त्यात खोट दिसते, आणि ती नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत असावी. ०.१ मायक्रॉनच्या त्या कणाचं डोळ्यांसमोर चित्र आणा. मेघात त्याला तीन-चार दिवसांतून एक फोटॉन लागतो. आमच्या दिव्याखाली तेवढ्याच जागेवर सेकंदाला तीस हजार पडतात. तिथे एक रेणू तुटतो आणि त्याच्या तुकड्यांना पुढच्या धक्क्यापूर्वी दिवसच्या दिवस मिळतात. इथे शेजारचा रेणूही लगोलग तुटलेला असतो. एकूण फोटॉन सारखे झाले म्हणून रसायन सारखं होईलच असं नाही. उपाय एवढाच की दिवा मंद करून, तीच एकूण मात्रा जास्त वेळ देऊन प्रयोग पुन्हा करायचा आणि उत्तर बदलतं का ते बघायचं. वेळखाऊ आहे, म्हणून कमी जण करतात.

पायरी ७ : तापवणं

प्रकाश बंद करा आणि मिनिटाला एक-दोन केल्विनने तापवा. वस्तुमान वर्णपटमापी चालू ठेवा आणि एकेक पाहुणा उठून जाताना बघा : ३० ला कार्बन मोनॉक्साइड, ८० च्या आसपास कार्बन डायऑक्साइड, १०० च्या जवळ अमोनिया, १५० ला पाणी. पाण्याच्या बर्फात अडकलेला कार्बन मोनॉक्साइड मात्र ३० ला सगळा जात नाही. १४५-१५० ला पाण्याचा बर्फ स्फटिक होताना फटी पडतात आणि आतला वायू एकदम बाहेर फुटतो. आलेखावर सुई उभी केल्यासारखं दिसतं. मेघात तापणं फार संथ असल्याने हे सगळे आकडे तिथे बरेच खाली येतात. पाणी साधारण १०० केल्विनलाच उडतं. प्रयोगशाळेतले आकडे तसेच आकाशात नेऊन चिकटवू नका.

तापवताना आणखी एक गोष्ट घडते आणि ती दिव्याशिवायही घडते. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड बर्फातही ऊब मिळताच एकमेकांशी जुळतात. म्हणजे प्रकाश न दिलेला बर्फ त्याच गतीने तापवून बघितल्याशिवाय कुठलंच उत्पादन 'प्रकाशाने झालं' असं म्हणता येत नाही.

पायरी ८ : डाग, आणि ती कुणाची

अवशेष हवा असेल तर साचवणं आणि प्रकाश देणं एकाच वेळी चालू ठेवतात, कारण अतिनील प्रकाश बर्फात काहीशे थरांपलीकडे शिरत नाही. दोन-तीन दिवसांनी खोलीच्या तापमानाला आणल्यावर खिडकीवर जे उरतं ते काही मायक्रोग्रॅमच असतं. ते धुऊन घ्यायचं, ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांना २४ तास ठेवायचं आणि मग गॅस क्रोमॅटोग्राफीला (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखायच्या पद्धतीला) द्यायचं. त्या आम्लाच्या पायरीकडे लक्ष द्या. बरीचशी अमिनो आम्लं त्या उकळीनंतर मोकळी होतात. बर्फात असतात ती त्यांची पूर्वरूपं. 'अंतराळात अमिनो आम्लं बनली' या मथळ्यामागे असा एक टेस्ट ट्यूबमधला दिवस असतो.

आता ब्लँक, म्हणजे मुख्य गोष्ट वगळून बाकी सगळं तसंच केलेला प्रयोग. माझ्या मते खरा प्रयोग हाच, आणि अवशेष हा त्याचा जोडप्रयोग. बोटांच्या एका ठशात तुमच्या तीन दिवसांच्या अवशेषापेक्षा जास्त अमिनो आम्लं असू शकतात. स्टारडस्ट यानाने विल्ड-२ धूमकेतूची धूळ २००६ मध्ये पृथ्वीवर आणली, तेव्हा त्या नमुन्यांत एक अमिनो आम्ल भरपूर सापडलं. ते निघालं नायलॉनच्या पिशवीतून आलेलं. ग्लायसिन धूमकेतूचंच आहे हे कार्बनच्या समस्थानिकांवरून सांगता आलं ते २००९ मध्ये.

तेव्हा किमान इतकं करा. प्रकाश दिलेला बर्फ, प्रकाश न दिलेला बर्फ, आणि बर्फाविना नुसता प्रकाश दिलेली खिडकी : तिन्ही शेवटच्या थेंबापर्यंत एकाच पद्धतीने हाताळायचं. काचेची भांडी आणि फॉइल ५०० अंशांना काही तास भाजलेली. हातमोजे नायट्राइलचे, तेही खिडकीला न लावता, खिडकी चिमट्यानेच. पैसे असतील तर सगळा कार्बन कार्बन-१३ चा घ्या. मग ग्लायसिनचं वस्तुमान ७५ ऐवजी ७७ येईल, आणि ७५ ला जे दिसेल ते तुमच्या खोलीतलं. २००२ च्या सोळावाल्या गटाने हेच केलं होतं. ॲलॅनिनसारख्यांत डावं-उजवं, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेली दोन रूपं, बघा. सजीवांचं जवळजवळ सगळं डावं असतं, बर्फात साध्या प्रकाशाने झालेलं अर्धं अर्धं. ग्लायसिनला डावं-उजवं नसतं, त्यामुळे तिथे समस्थानिकांशिवाय गत्यंतर नाही.

माझा स्वतःचा धडा इन्फ्रारेडमधला आहे. शुद्ध कार्बन मोनॉक्साइडचा बर्फ, दिवा बंद, तरी २९२० आणि २८५० ला दोन पट्टे तासागणिक वाढत होते. तिथे कार्बन-हायड्रोजनचे बंध दिसतात, आणि माझ्या वायूत हायड्रोजनच नव्हता. तीन आठवडे मी त्यावर एक सिद्धांत रचत होतो, चांगला ऐसपैस. मग ब्लँक घेतला : वायूच सोडला नाही, नुसती खिडकी थंड केली आणि बसलो. पट्टे आले. कुणीतरी ओ-रिंगला ग्रीस सढळ हाताने चोपडलं होतं. ते कुणीतरी म्हणजे मीच.

सुरुवातीला ज्या डागाचं सांगितलं, तो त्याच वर्षीचा. रंग झकास आलाय, क्रोमॅटोग्राफीत ग्लायसिनचं टोकही सुरेख होतं. पण कार्बन साधाच होता आणि त्या आठवड्याचा ब्लँक मी केला नव्हता. म्हणून तो कुठल्याही निबंधात नाही. टेबलाच्या वरच्या खणात असतो, नव्यांना दाखवायला.